आईच्या किडनीच्या रिपोर्टमधील शब्द : क्रिएटिनिन १.४, ईजीएफआर ४१ आणि शहाळ्याचे पाणी

खाडीकाठचे_गुरुजी

सर्वांना नमस्कार. मी राजापूर तालुक्यात किनाऱ्यालगतच्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. उत्सर्जन संस्थेचा पाठ घेताना वृक्क, मूत्रवाहिनी, मूत्राशय, नेफ्रॉन, बोमन्स संपुट हे शब्द आकृतीसह फळ्यावर काढून देणे हे माझे नेहमीचे काम आहे. मात्र आईच्या तपासण्यांचे कागद हाती आल्यापासून त्या आकृतीतील कोणता भाग बिघडला आहे आणि कागदावरचा कोणता शब्द त्या बिघाडाविषयी सांगतो, हे मला नीट लावता येत नाही, म्हणून येथे विचारतो आहे.

आईचे वय ६८ आहे. मधुमेह जुना आहे आणि रक्तदाबाची गोळी चालू आहे. तिला कमरेत दुखत नाही, लघवीला जळजळ नाही, लघवीचे प्रमाणही कमी झालेले नाही. संध्याकाळी पावलांवर थोडी सूज दिसते, एवढेच. नेहमीच्या तपासणीत सीरम क्रिएटिनिन १.४ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, ब्लड युरिया ५२ आणि ईजीएफआर ४१ असे आकडे आले. लघवीच्या तपासणीत अल्ब्युमिन एक प्लस, पस सेल्स २ ते ३, एपिथेलियल सेल्स ४ ते ५ असे लिहिले आहे आणि अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो १८० आहे. सोनोग्राफीत दोन्ही किडन्यांचा आकार नॉर्मल, कॉर्टिकल इकोजेनिसिटी किंचित वाढलेली, कॉर्टिकोमेड्युलरी डिफरन्शिएशन टिकून असलेले, कॅल्क्युलस नाही, हायड्रोनेफ्रोसिस नाही, असा शेरा आहे. डॉक्टरांनी तीन महिन्यांनी पुन्हा तपासण्या करण्यास आणि दरम्यान नेफ्रॉलॉजिस्टना दाखवून घेण्यास सांगितले आहे.

घरात यावरून दोन मते पडली आहेत. कागदावर क्रिएटिनिनची वरची मर्यादा १.२ छापलेली असल्यामुळे १.४ म्हणजे अगदी किरकोळ वाढ, असे भावाचे म्हणणे आहे. दुसरीकडे, आमच्या मामांना काही वर्षांपूर्वी 'किडनीचा त्रास' झाला होता आणि भरपूर पाणी, रोज एक शहाळे व कुळथाचे कढण यांनी ते बरे झाले, म्हणून आईलाही तेच सुरू करावे, असा नातेवाइकांचा आग्रह आहे. घरचे माड असल्याने शहाळ्यांना तोटा नाही.

मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. युरिया, क्रिएटिनिन, ईजीएफआर आणि अल्ब्युमिन हे चार शब्द नेमके कशाचे माप आहेत, आणि एकाच रक्तातून निघालेला १.४ हा आकडा किरकोळ तर ४१ हा आकडा काळजीचा कसा? नेफ्रॉलॉजिस्ट आणि युरॉलॉजिस्ट यांच्यात फरक काय? आणि पाणी, शहाळे, कढण यांचे काय करावे?

निवृत्त_फिजिशियन_कुडाळ

गुरुजी, तुम्ही रिपोर्ट सविस्तर लिहिलात हे फार बरे केलेत, कारण 'किडनीचा त्रास' या दोन शब्दांत आपल्याकडे निदान तीन वेगळे आजार एकत्र कोंबलेले असतात आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लागू करण्याची घाई तिथूनच सुरू होते. तुमच्या मामांना बहुधा मुतखडा असावा. आईला मुतखडा नाही, हे सोनोग्राफीत स्पष्ट लिहिलेले आहे.

कामाच्या दृष्टीने मूत्रसंस्थेचे दोन भाग पडतात. पहिला गाळणारा भाग, म्हणजे प्रत्येक मूत्रपिंडातील साधारण १० लाख नेफ्रॉन. दुसरा वाहून नेणारा आणि साठवणारा भाग, म्हणजे मूत्रपिंडाच्या आतली पेल्व्हिस नावाची पोकळी, तेथून निघणाऱ्या २५ ते ३० सेंटिमीटर लांबीच्या दोन मूत्रवाहिन्या, मूत्राशय आणि मूत्रमार्ग. तुमच्या पाठ्यपुस्तकात वृक्क, वर्तमानपत्रात मूत्रपिंड, बोलण्यात किडनी आणि वैद्यांच्या चिठ्ठीत मूत्रवाहिनीसाठी गविनी असे शब्द येतात, पण अवयव तेच आहेत. रिपोर्ट वाचताना नावापेक्षा तो शब्द या दोन भागांपैकी कोणत्या भागाचा आहे हे आधी ठरवावे. कॅल्क्युलस म्हणजे खडा, हायड्रोनेफ्रोसिस म्हणजे पुढे अडथळा आल्याने लघवी तुंबून मूत्रपिंडाची पोकळी फुगणे, प्रोस्टेटोमेगली म्हणजे पुरुषांतील प्रोस्टेट ग्रंथीची वाढ, सिस्टायटिस म्हणजे मूत्राशयाचा दाह. हे सारे दुसऱ्या भागाचे शब्द आहेत. क्रिएटिनिन, ईजीएफआर आणि अल्ब्युमिन हे पहिल्या भागाचे आहेत.

दुसऱ्या भागाचे आजार माणसाला गप्प बसू देत नाहीत. कळ येते, जळजळ होते, लघवी अडते. पहिल्या भागाचे आजार मात्र वर्षानुवर्षे कळतच नाहीत, कारण गाळणाऱ्या पेशीजालाला वेदना कळवण्याची सोय नाही आणि मूत्रपिंडावरचे आवरण ताणले गेले किंवा मूत्रवाहिनी तुंबली तरच दुखते. आईला काहीच होत नाही हा भरवसा त्यामुळे येथे उपयोगी पडत नाही.

लघवी भरपूर होते, हाही पुरावा नव्हे. हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा जवळजवळ पाचवा हिस्सा मूत्रपिंडांकडे जातो आणि निरोगी तरुण माणसात नेफ्रॉनच्या तोंडाशी असलेल्या ग्लोमेरुलस या केशिकागुच्छांतून मिनिटाला सुमारे १२० मिलिलिटर द्रव गाळला जातो. दिवसाचा हिशेब मांडला तर हे १७० ते १८० लिटर भरतात. त्यातील ९९ टक्के पाणी पुढच्या नलिका परत शोषून घेतात आणि उरलेली दीड-दोन लिटर लघवी होते. ग्लोमेरुलसमधून मिनिटाला किती गाळले जाते या मापाला जीएफआर म्हणतात आणि ते सूत्राने अंदाजलेले (एस्टिमेटेड) असले की नावाच्या सुरुवातीला ई लागतो. आईचे ४१ धरा. मिनिटाला ४१ मिलिलिटर म्हणजे दिवसाला ५९ लिटर. नलिकांनी थोडे कमी शोषले की ५९ लिटरांतूनही दीड-दोन लिटर लघवी सहज होते. लघवीच्या भांड्याकडे पाहून गाळणे निम्म्याहून खाली आले आहे हे कोणालाही ओळखता येणार नाही.

आता १.४ आणि ४१ यांचा मेळ. क्रिएटिनिन हा स्नायूंच्या नित्याच्या झिजेतून तयार होणारा पदार्थ आहे. तो रोज जवळजवळ सारख्याच प्रमाणात बनतो आणि मूत्रपिंडावाटे बाहेर जातो, म्हणून तो रक्तात साठू लागला की गाळणे मंदावले असे समजते. पण ज्याचे स्नायू मुळातच कमी, त्याच्या शरीरात क्रिएटिनिन बनतेच कमी. क्रिएटिनिन, वय आणि लिंग यांवरून ईजीएफआर काढणारे, २०२१ मध्ये सुधारलेले सीकेडी-ईपीआय हे सूत्र वापरून पाहा. २५ वर्षांच्या तरुणाचे क्रिएटिनिन १.२ असेल तर ईजीएफआर ८६ येतो. ७० वर्षांच्या स्त्रीचे क्रिएटिनिन तेच १.२ असेल तर ईजीएफआर ४९ येतो. आकडा एकच असून अर्थ किती बदलला हे तुमच्या लक्षात येईल. शिवाय गाळण्याची क्षमता साधारण निम्मी होईपर्यंत क्रिएटिनिन नॉर्मलच्या मर्यादेत राहू शकते. भावाला सांगा की कागदावरच्या १.२ या रेघेपेक्षा १.४ फक्त ०.२ ने पुढे आहे हा हिशेब येथे लागू नाही. ४१ हाच आकडा धरून चालावे.

युरियाला मी या तिघांत सर्वांत कमी महत्त्व देतो. तो यकृतात प्रथिनांपासून बनतो, त्यामुळे माणसाने पाणी कमी प्यायले, जेवणात मासे-मटण जास्त आले किंवा आतड्यात रक्तस्राव झाला तरी तो वाढतो. एकट्या युरियावरून किडनी फेल झाली असा निष्कर्ष काढून रडारड झालेली घरे मी पाहिली आहेत.

अल्ब्युमिनचा विषय मात्र मनावर घ्यावा. ते रक्तातले प्रथिन आहे आणि निरोगी ग्लोमेरुलस ते लघवीत जाऊ देत नाही. मधुमेहात या केशिकांच्या भिंतींना इजा होऊन ते झिरपू लागते, आणि हे पुष्कळदा क्रिएटिनिन वाढण्याच्या कितीतरी आधी घडते. रेशो ३० च्या आत असेल तर ए १, ३० ते ३०० असेल तर ए २ आणि त्यापुढे ए ३ असे गट आहेत. ईजीएफआरचेही टप्पे आहेत: ९० पासून वर जी १, ६० ते ८९ जी २, ४५ ते ५९ जी ३ ए, ३० ते ४४ जी ३ बी, १५ ते २९ जी ४ आणि १५ च्या खाली जी ५. आईच्या कागदावर कोणी जी ३ बी, ए २ असे लिहिले तर ते कोठून आले हे आता तुम्हाला कळेल. डायलिसिसचा विचार साधारणपणे जी ५ मध्ये, तोही लक्षणे पाहून होतो, त्यामुळे आज त्या शब्दाने घाबरून जाण्याचे कारण नाही.

तीन महिन्यांची अट डॉक्टरांनी योग्य घातली आहे. क्रॉनिक म्हणजे असाध्य असा समज आहे, पण येथे त्याचा अर्थ फक्त तीन महिन्यांहून अधिक काळ टिकलेला एवढाच आहे, आणि अक्यूट म्हणजे अलीकडे, थोड्या दिवसांत झालेला. आपल्या भागात ही अक्यूट इजा चांगलीच ओळखीची आहे. भातलावणीच्या दिवसांत चिखलात काम करणाऱ्यांना होणारा लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा ताप, घोणस किंवा फुरसे चावल्यानंतर रक्त गोठण्याची क्रिया बिघडणे, जुलाब-उलट्यांनी अंगातले पाणी जाणे, आणि गुडघेदुखीसाठी दुकानातून आणून घेतलेली डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामके, या सर्वांत क्रिएटिनिन झपाट्याने वर जाते आणि वेळीच उपचार झाले तर बहुतेक वेळा खालीही येते. लेप्टोमध्ये तर लघवी नेहमीसारखी होत असताना क्रिएटिनिन वाढलेले सापडते, म्हणून तापाच्या रुग्णाला लघवी होते ना, एवढे विचारून थांबू नये. आईचे मागचे जुने रिपोर्ट असतील तर शोधा. गेल्या वर्षीचे क्रिएटिनिन आज फार मोलाचे आहे.

सोनोग्राफीतील इकोजेनिसिटी वाढणे म्हणजे मूत्रपिंडाचा बाहेरचा थर, कॉर्टेक्स, ध्वनिलहरी नेहमीपेक्षा जास्त परतवतो, जे जुनाट इजेत दिसते. कॉर्टेक्स आणि आतला मेड्युला यांतील फरक अजून ओळखू येतो आणि आकारही कमी झालेला नाही, ही बरी गोष्ट आहे.

नेफ्रॉलॉजिस्ट हा औषधोपचार करणारा, डी.एम. झालेला डॉक्टर गाळणाऱ्या भागाचा जाणकार असतो. युरॉलॉजिस्ट हा एम.सीएच. झालेला शल्यचिकित्सक वाहून नेणाऱ्या भागाचा. पाटीवरची ही अक्षरे पाहून घ्यावीत, म्हणजे दिवसभराचा प्रवास वाया जात नाही. आईला पहिल्यांकडेच न्यावे. वेदनाशामके आजच बंद करावीत आणि मधुमेहाच्या गोळ्यांचा डोस ईजीएफआर दाखवून तपासून घ्यावा, कारण मेटफॉर्मिनसारख्या काही औषधांचे प्रमाण ४५ च्या खाली पुन्हा ठरवावे लागते.

लॅबवाला_चिपळूण

डॉक्टरसाहेबांनी आकड्यांचा अर्थ सांगितला आहे. आकडा चुकीचा येऊ नये यासाठी नमुना देणाऱ्याने काय करावे, हे मी प्रयोगशाळेच्या बाजूने सांगतो, कारण तीन महिन्यांनी होणाऱ्या तपासणीची तुलना आजच्या तपासणीशी व्हायची आहे.

क्रिएटिनिन मोजण्याची पद्धत माक्स याफे या जर्मन शास्त्रज्ञाने १८८६ मध्ये दाखवलेल्या क्रियेवर आजही अनेक ठिकाणी चालते. पिवळ्या पिक्रिक आम्लाच्या अल्कलीयुक्त द्रावणात रुग्णाचे सीरम मिसळले की ते नारिंगी होत जाते आणि रंग किती वेगाने गडद होतो त्यावरून यंत्र आकडा काढते. रक्तातील कीटोन किंवा काही प्रतिजैविकेही या द्रावणाला रंग देतात, म्हणून नवीन एन्झायमॅटिक पद्धत अधिक नेमकी समजतात. गुरुजींनी दोन्ही वेळची तपासणी शक्यतो एकाच प्रयोगशाळेत आणि एकाच पद्धतीने करावी. आदल्या रात्री मटणाचा किंवा माशांचा भरपेट बेत करू नये, कारण शिजवलेल्या मांसातून आलेले क्रिएटिनिन काही तास रक्तात दिसते.

आणखी एक घोटाळा रोज पाहतो. काही प्रयोगशाळा ब्लड युरिया लिहितात, तर काही बीयूएन, म्हणजे युरियातील फक्त नायट्रोजन. बीयूएनला २.१४ ने गुणले की युरिया मिळतो. एका कागदावर बीयूएन २४ आणि दुसऱ्यावर युरिया ५२ पाहून आजार दुपटीने वाढला असे वाटते, प्रत्यक्षात दोन्ही जवळजवळ एकच आहेत.

लघवीचा नमुना सकाळी पहिल्या धारेचा थोडा भाग सोडून मधल्या धारेचा घ्यावा आणि तो प्रयोगशाळेने दिलेल्या निर्जंतुक डबीतच आणावा. औषधाची जुनी बाटली धुऊन तीत आणलेल्या नमुन्यात पूर्वीच्या सिरपचा अंश राहतो आणि लघवीत बुडवून रंग पाहायच्या पट्टीवर साखर दिसते. गावाकडून येणाऱ्या एसटीत दोन-तीन तास उन्हात राहिलेल्या डबीत जंतू वाढतात, पेशी फुटतात आणि कास्ट विरघळून जातात. कास्ट म्हणजे नेफ्रॉनच्या नलिकेत प्रथिन थिजून नलिकेच्याच आकाराचा तयार झालेला सूक्ष्म तुकडा. तांबड्या पेशींचे कास्ट दिसले तर रक्त ग्लोमेरुलसमधून येत आहे, खड्यामुळे नव्हे, हे कळते, आणि नेमकी तीच खूण उशिरामुळे नाहीशी होते. शक्य असेल तर नमुना प्रयोगशाळेतच द्यावा.

आईच्या रिपोर्टमधील पस सेल्स, म्हणजे पू-पेशी, २ ते ३ नॉर्मल आहेत. पाचापर्यंत आम्ही काळजीचे समजत नाही, आणि एपिथेलियल सेल्स, म्हणजे अस्तराच्या पेशी, थोड्या असणे हेही नेहमीचे आहे. त्या फार असल्या तर नमुना नीट घेतलेला नाही असे धरावे. अनेकांच्या रिपोर्टमध्ये कॅल्शियम ऑक्झलेट क्रिस्टल्स असे येते आणि घरचे खडा झाला म्हणून धावपळ करतात, पण असे स्फटिक निरोगी माणसाच्या लघवीतही सापडतात. पट्टीवरचा एक प्लस हा अंदाज असतो आणि घट्ट लघवीत तो वाढतो. रेशो हे मोजमाप असते, कारण त्यात लघवीच्या घट्टपणाचा हिशेब क्रिएटिनिनने केलेला असतो. ताप असताना किंवा मूत्रमार्गाचा संसर्ग असताना रेशो करू नये, तेव्हा तो उगाच जास्त येतो.

डायलिसिस_सिस्टर_रत्नागिरी

गुरुजी, तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर अजून कोणी दिलेले नाही आणि माझ्या दृष्टीने तोच प्रश्न सर्वांत तातडीचा आहे. आईच्या रिपोर्टमध्ये पोटॅशियमचा आकडा दिसत नाही. तो करून घेतल्याशिवाय रोजचे शहाळे सुरू करू नका.

शहाळ्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम पोटॅशियम असते, म्हणजे एका मोठ्या शहाळ्यात अर्ध्या ग्रॅमहून अधिक. ज्याची मूत्रपिंडे चांगली आहेत तो ते काही तासांत लघवीवाटे टाकून देतो, आणि म्हणूनच जुलाब झालेल्या माणसाला किंवा खडा असलेल्या तुमच्या मामांना ते चालले. गाळणे मंदावले की हे पोटॅशियम रक्तात राहते. त्यातच रक्तदाबाची गोळी टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिल या जातीची असेल तर ते आणखी वाढते. ही औषधे अल्ब्युमिनची गळती कमी करतात आणि मूत्रपिंड जपतात, म्हणून ती आपल्या मनाने मुळीच बंद करू नयेत, फक्त रक्त तपासत राहावे. नॉर्मल पोटॅशियम ३.५ ते ५ असते. मे महिन्याच्या उकाड्यात, घरी पाहुणे आले म्हणून लागोपाठ दोन शहाळी प्यालेला आमचा एक रुग्ण डायलिसिसच्या खुर्चीत बसला तेव्हा त्याला केवळ पाय जड वाटत होते. ईसीजीच्या पट्टीवर टी लहरी उंच आणि टोकदार झालेल्या पाहून आम्ही डॉक्टरांना धावत बोलावले. पोटॅशियम ६.८ आले. हृदय थांबण्याआधी हे पोटॅशियम फारशी सूचना देत नाही, म्हणून मी हे इतक्या आग्रहाने लिहिते आहे.

आईचे पोटॅशियम नॉर्मल आले तर अधूनमधून शहाळे प्यायला डॉक्टर परवानगी देतीलही. ते वाढलेले असेल तर शहाळ्याबरोबर फणसाचे गरे, केळी, कुळथाचे कढण आणि सुकामेवा यांचाही विचार करावा लागतो आणि भाज्या चिरून, भरपूर पाण्यात उकडून ते पाणी टाकून द्यावे लागते. हे पथ्य आकडा पाहूनच पाळावे. भीतीने सगळीच फळे बंद करून माणसे अशक्त होतात, तेही चांगले नाही. कमरख, म्हणजे कापल्यावर चांदणीसारखे दिसणारे पाच कडांचे आंबट फळ, मात्र मूत्रपिंडाच्या रुग्णाने पोटॅशियम कितीही असले तरी खाऊ नये. त्याचे विष मेंदूपर्यंत पोहोचते, उचक्या लागतात, झटके येतात.

पाण्याबद्दल गैरसमज फार आहे. खड्यासाठी भरपूर पाणी हा खरा उपाय आहे. पण जास्त पाणी पिऊन क्रिएटिनिन धुऊन निघत नाही. आईने तहानेप्रमाणे पाणी प्यावे, आणि पावलांवरची सूज वाढली, चढणीवर दम लागू लागला किंवा दोन-तीन दिवसांत वजन एकदम वाढले तर पाणी मोजून द्यावे लागेल, त्याचे प्रमाण डॉक्टर ठरवतील.

मिठाचे पथ्य आजपासून पाळता येईल. दिवसभराचे मीठ ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चहाच्या चमच्याएवढे असावे. आपल्याकडे आगोटीला, म्हणजे पावसाळ्याआधी, भरून ठेवलेले खारे बांगडे, सुकट, मिठातल्या कैऱ्या, पापड, पेजेबरोबरचे लोणचे, यांतच हा कोटा संपतो. ताजे मासे बंद करण्याचे कारण नाही, त्यातील प्रथिन मधुमेही वृद्धेला हवेच असते. सैंधव घेतले म्हणून फरक पडत नाही, तेही मीठच आहे. बाजारातले लो सोडियम मीठ तर घेऊच नये, कारण त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराईड घातलेले असते.

शेवटची एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. आई उजव्या हाताने काम करत असेल तर तिच्या डाव्या हाताच्या मनगटापासून कोपरापर्यंतच्या शिरा जपा. रक्त काढायचे किंवा सलाईन लावायचे झाल्यास तळहाताच्या मागच्या बाजूला लावण्याची विनंती करा. पुढे कधी डायलिसिसची वेळ आलीच तर त्याच शिरेला धमनी जोडून फिस्टुला करतात आणि ती शीर सुयांनी खराब झालेली असेल तर फार हाल होतात. वेळ येणारही नाही, पण शीर जपायला काही खर्च नाही.

लॅबवाला_चिपळूण

सिस्टरांच्या लिहिण्यात एवढीच भर घालतो की पोटॅशियमसाठीचे रक्त काढल्यावर लवकर प्रयोगशाळेत पोहोचले पाहिजे. वाटेत तांबड्या पेशी फुटल्या तर त्यांच्यातले पोटॅशियम बाहेर येऊन आकडा खोटाच वाढतो. रिपोर्टवर हिमोलाइज्ड असा शेरा असेल तर तपासणी पुन्हा करावी.

खाडीकाठचे_गुरुजी

आपण सर्वांनी इतका वेळ देऊन लिहिलेत त्याबद्दल मनापासून आभार. शहाळे थांबवले आहे, पोटॅशियमसाठी उद्या सकाळी रत्नागिरीला जात आहोत आणि मागील वर्षीचा एक रिपोर्ट सापडला आहे, त्यात क्रिएटिनिन १.३ होते.

ही चर्चा घरात वाचून दाखवल्यावर मामांनीही आपला अलीकडचा कागद पुढे केला. वय ७२. त्यांना रात्री वारंवार उठावे लागते, धार बारीक झाली आहे आणि लघवी होऊनही पूर्ण झाली असे वाटत नाही. सोनोग्राफीत प्रोस्टेटोमेगली, पोस्ट-व्हॉइड रेसिड्यू २५० सीसी आणि दोन्ही बाजूंना माइल्ड हायड्रोयुरेटरोनेफ्रोसिस असे लिहिले आहे. खडा नाही. ते पुन्हा कढण आणि जास्त पाणी सुरू करणार होते. वरच्या विभागणीप्रमाणे हा दुसऱ्या भागाचा आजार दिसतो, म्हणजे त्यांनी युरॉलॉजिस्टकडे जावे, हे बरोबर आहे का?

निवृत्त_फिजिशियन_कुडाळ

अगदी बरोबर, आणि मामांना आईच्याही आधी न्या.

त्यांच्या कागदावरचे तीन शब्द एकमेकांशी जोडलेले आहेत. प्रोस्टेट वाढल्याने मूत्रमार्ग दाबला गेला आहे. त्यामुळे लघवी करून झाल्यावरही मूत्राशयात २५० मिलिलिटर शिल्लक राहते, तेच रेसिड्यू. मूत्राशय भरलेलेच राहिल्याने मागचा दाब मूत्रवाहिन्यांतून वर चढला आहे आणि दोन्ही मूत्रपिंडांच्या पोकळ्या फुगल्या आहेत, तेच हायड्रोयुरेटरोनेफ्रोसिस. सुरुवात दुसऱ्या भागात झाली असली तरी हा दाब तसाच राहिला तर गाळणारा भागही बिघडतो. म्हणून क्रिएटिनिन, पोटॅशियम आणि लघवीची तपासणी लगेच करा. अडथळा लवकर दूर केला तर वाढलेले क्रिएटिनिन बरेचसे खाली येते, आणि आईच्या आजारात ही संधी मिळत नाही, म्हणून मी घाई करायला सांगतो आहे. दोन्ही मूत्रपिंडे फुगलेली असताना जोर लावून पाणी पिणे म्हणजे तुंबलेल्या जागी आणखी भर घालणे होय. तहानेपुरते पाणी घ्यावे आणि रात्री झोपण्याआधी कमी करावे.

दोन गोष्टी त्यांना सांगून ठेवा. दुकानातून आणलेल्या सर्दी-खोकल्याच्या गोळ्या त्यांनी घेऊ नयेत, त्यांतील काही घटकांनी प्रोस्टेटच्या रुग्णाची लघवी पूर्ण अडते. आणि लघवीत एकदा जरी रक्त दिसले, विशेषतः दुखत नसताना, तर ते आपोआप थांबले म्हणून सोडून देऊ नये. या वयात, त्यातून विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत, मूत्राशयाच्या कर्करोगाची ती पहिली खूण असू शकते.

लघवी पूर्ण अडली आणि ओटीपोट फुगून दुखू लागले तर युरॉलॉजिस्टच्या वेळेची किंवा सकाळच्या गाडीची वाट पाहू नका. फोलीज कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, घालून मूत्राशय रिकामे करणे हे काम जवळच्या ग्रामीण रुग्णालयातही होते. ते आधी करून घ्यावे आणि मग पुढे न्यावे. जाताना सोनोग्राफीचा हा कागद बरोबर असू द्या.